घर बंद आहे

सर्वेक्षणाचा फॉर्म तुम्ही कधी कुणाच्या दारात उभं राहून भरला असेल, तर त्यातली एक चौकट आठवेल. कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, पाणी कुठून आणता, या सगळ्याच्या आधी, अगदी वरच्या बाजूला असते ती. ‘घर बंद’. तिथे टिक केली की पुढची चार पानं भरावी लागत नाहीत. मोबाईलवरच्या ॲपमध्ये तर ती पानं उघडतच नाहीत. सकाळपासून उन्हात फिरणाऱ्या विद्यार्थ्याला ही चौकट फार प्रिय असते. मलाही होती.

मी नगर आणि प्रादेशिक नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते तेव्हाची गोष्ट. प्रबंधाचा विषय भारदस्त होता. डोंगराळ आदिवासी तालुक्यांत मूलभूत सेवा कितपत पोचतात, असा काहीतरी. त्यासाठी जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या बाजूचे काही पाडे निवडले होते. निवडले म्हणजे वर्गात बसून, यादीतून. जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, म्हणून नकाशावर तिथे एक ठिपका होता. त्या ठिपक्याभोवती मी कॉम्प्युटरवर एक वर्तुळ काढलं, वर्तुळाच्या आत पडलेले पाडे ‘सेवाक्षेत्रात’ आणि बाहेरचे ‘सेवाक्षेत्राबाहेर’ असे रंगवले, आणि डिसेंबरात सुट्टी लागल्यावर बॅग घेऊन निघाले.

पहिल्या पाड्यावर आशाताई सोबत होत्या. कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली घरं. त्यातली जवळजवळ निम्मी बंद. बंद म्हणजे कुलूप नव्हतं. दाराला तार गुंडाळलेली, एका ठिकाणी तर नुसती काटकी खोचलेली.

“कुठे गेलेत?”

“भट्टीवर.”

पुढच्या घरापाशी मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, “हे पण भट्टीवर.”

दिवाळी झाली की इथले पाडे रिकामे व्हायला लागतात. भात, नाचणी, वरई घरात येते. ती किती महिने पुरणार याचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पाऊस धो धो पडतो, पण जमीन उताराची आणि खाली कातळ. पाणी थांबत नाही, त्यामुळे दुसरं पीक बहुतेकांना घेता येत नाही. मग मालकाकडून उचल घ्यायची आणि भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर पोराबाळांसकट निघायचं. परतायचं ते पावसाच्या तोंडाशी.

आमच्या सूचनापत्रात याचीही सोय होती. निवडलेलं घर बंद असेल तर लगतचं उघडं घर घ्या. त्याप्रमाणे मी घेत गेले. तिसऱ्या दिवशी घरांचा आकडा पूर्ण झाला. प्रबंधात एक तक्ता आला, पाण्यासाठी सरासरी किती मीटर चालावं लागतं याचा. आकडा फार मोठा नव्हता. परीक्षकांना तक्ता आवडला, मला मार्क चांगले पडले.

चूक कळायला वर्ष लागलं, आणि ती कुणी दाखवली नाही. नोकरीतल्या एका कामासाठी जुना डेटा उघडला होता. सहज म्हणून बंद घरांचे बिंदू वेगळ्या रंगात टाकून पाहिले. ते नकाशावर विखुरलेले नव्हते. बहुतेक सगळे एका बाजूला होते, विहिरीपासून लांब, उताराच्या कडेला. आता विचार केला तर त्यात नवल काहीच नाही. ज्याच्या जवळ पाणी आहे, ज्याला चार वाफे भाजी किंवा मोगरा लावता येतो, तो राहतो. ज्याला तेही जमत नाही तो जातो. मी लांबच्यांच्या जागी जवळच्यांना विचारलं आणि मग लिहिलं की पाणी फार लांब नाही. चार पानांत जे विचारणार होते त्याचं बरंचसं उत्तर दाराच्या त्या तारेत होतं, आणि मी तिथे टिक करून पुढे गेले होते.

माझा एक मित्र संख्याशास्त्र शिकवतो. त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. उत्तर न देणारे लोक उत्तर देणाऱ्यांसारखे नसतात, त्यासाठी वजनं लावायची, दुरुस्ती करायची. तो बरोबर आहे. गणिताची चूक गणितानं दुरुस्त होते. पण ती रात्र मला झोप लागली नाही, आणि चुकलेल्या बेरजेनं माणसाची झोप जात नाही. मग दुसरं काय चुकलं होतं, हे शोधायचा प्रयत्न मी तेव्हापासून करते आहे.

एक गोष्ट अशी दिसते की यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. शेजारणीनं तिच्या घराचं खरं तेच सांगितलं. मी ते जसंच्या तसं लिहिलं. फक्त ते दुसऱ्याच्या जागेवर लावलं. आपण रोजच्या व्यवहारात एकाच्या वतीनं दुसऱ्याला बोलू देतो, पण त्यासाठी मुखत्यारपत्र लागतं, निदान ‘माझ्या वतीनं तू जा’ एवढं तरी म्हणावं लागतं. भट्टीवर गेलेल्या बाईनं शेजारणीला असं काही सांगितलं नव्हतं. शेजारणीलाही ठाऊक नव्हतं की ती दोन घरांचं उत्तर देते आहे. दोघींनाही न विचारता मी एकीला दुसरीच्या जागी उभं केलं. आणि हे करताना मनाला काही टोचलं नाही, कारण सूचनापत्रात तसं लिहिलं होतं.

हे फक्त माझ्या प्रबंधाचं झालं असतं तर एवढं लिहीत बसले नसते. पण एकदा ही ‘बदली’ दिसायला लागली की आमच्या विषयात ती जिथे तिथे दिसते.

पहिल्या सत्रात आम्हाला वॉल्टर क्रिस्टालर शिकवतात. या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून एक सिद्धांत मांडला. लहान गावांच्या मध्ये मोठं गाव, मोठ्यांच्या मध्ये शहर, प्रत्येकाचं आपापलं सेवाक्षेत्र, आणि सगळं मिळून मधाच्या पोळ्यासारखी षटकोनांची जाळी. दिसायला फार सुंदर. अट एवढीच की जमीन सपाट धरायची, लोकवस्ती सगळीकडे सारखी धरायची, आणि माणूस सगळ्यात जवळच्या केंद्राकडे जातो असं धरायचं. १९७० च्या सुमारास आपल्याकडे ग्रामीण विकासकेंद्रांवर जे संशोधन झालं, त्यावर याच विचाराची छाप होती. माझं जामसरभोवतीचं वर्तुळ त्याच घराण्यातलं.

वर्गात जे सांगितलं नाही ते मी नंतर वाचलं. क्रिस्टालर १९४० मध्ये नाझी पक्षात गेला आणि हिमलरच्या अखत्यारीतल्या नियोजन कार्यालयात काम करू लागला. काम काय, तर व्यापलेल्या पोलंडची नव्यानं आखणी. तिथली माणसं हटवून जर्मन वसवायचे होते, तेव्हा कुठलं गाव कुठे हवं हे ठरवायला हा सिद्धांत फार सोयीचा पडला. सपाट मैदान गृहीत धरा, हे वाक्य तिथे कागदावर राहिलं नाही.

जामसरभोवती वर्तुळ काढल्यानं मी त्या पंगतीला जाऊन बसले असं मला म्हणायचं नाही. तेवढा नाटकीपणा नको. पण ‘गृहीत धरा’ हा शब्द वर्गात जितका निरुपद्रवी वाटतो तितका तो नाही, एवढं मात्र तेव्हापासून ठसलं. माझ्या वर्तुळात दऱ्या नव्हत्या, ओढे नव्हते, आणि ऑगस्ट महिना नव्हता.

ऑगस्टचं का महत्त्व? रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं १९८३ च्या पुस्तकात खेड्यांत जाणाऱ्या शहरी तज्ज्ञांची चांगलीच हजेरी घेतली आहे. तज्ज्ञ डांबरी रस्त्याच्या कडेचीच गावं पाहतात, आणि कोरड्या ऋतूत जातात, असं त्याचं म्हणणं. भूक आणि आजार पावसाळ्यात असतात, तेव्हा रस्ते बंद असतात आणि तज्ज्ञ शहरात असतात. जव्हार-मोखाड्याला हे लागू पडतंच, वर आणखी एक भर पडते. इथे कोरड्या ऋतूत गेलं तर पावसाळ्यातली अवस्था दिसत नाही ती नाहीच, शिवाय ज्यांची ती अवस्था होते ती माणसंही गावात नसतात. आपण दोनदा चुकतो आणि आपल्याला एकदाही कळत नाही.

मोठ्या आकड्यांचंही असंच. २०११ च्या जनगणनेत घरोघरी जाऊन माणसं मोजली ती ९ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान. नियम असा की त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता त्याला त्या घरात धरायचं नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. सबंध देशासाठी हा नियम ठीकच आहे, एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. पण फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. ज्या पाड्यावर माणसाचं रेशनकार्ड, मतदान, शेत, देव, सगळं आहे, त्या पाड्याच्या आकड्यात तो नाही. आणि आदिवासी, डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३,००० मागे एक उपकेंद्र, हे निकष याच आकड्यावर चालतात. (सपाटीवर ते ३०,००० आणि ५,००० आहेत. म्हणजे डोंगर असतो हे सरकारला मान्य आहे, हे कबूल केलं पाहिजे.) फेब्रुवारीत मोजलेल्या माणसांसाठी सोय होते, आणि ती लागते पावसात परतलेल्या सगळ्यांना. पुढच्या जनगणनेसाठी जाहीर झालेला संदर्भदिवसही १ मार्च २०२७ हाच आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या बाईची जुळी मुलं गेली. रक्तस्राव होत असलेल्या तिला झोळीत घालून, निसरड्या वाटेनं काही किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणावं लागलं. बातमी देशभर झाली. मी माझा जुना नकाशा काढून बघितला. असाच एखादा पाडा माझ्या वर्तुळात असता तर मी त्याला ‘सेवाक्षेत्रात’ म्हटलं असतं का? सरळ रेषेत मोजलं तर बहुतेक म्हटलं असतं.

आता जरा लांबून पाहू, कारण भट्ट्या जिथे आहेत तिथेच या गोष्टीचं दुसरं टोक आहे. महाराष्ट्रात प्रादेशिक नियोजनाची सुरुवात चांगल्या हेतूनं झाली. पुण्याच्या गोखले संस्थेत शहराची घरोघर पाहणी कशी करायची याचा पायंडा पाडणारे धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली १९६५ मध्ये समिती नेमली गेली. मुंबईचा आणि पुण्याचा विचार नुसत्या शहराच्या हद्दीत करून भागणार नाही, भोवतालच्या प्रदेशासकट तो करावा लागेल, ही त्यामागची दृष्टी. १९६६ मध्ये प्रादेशिक व नगररचना कायदा आला, १९७३ मध्ये मुंबई प्रदेशाची पहिली योजना मंजूर झाली, १९७५ मध्ये एमएमआरडीए. प्रदेशाची हद्द वाढत वाढत २०१९ मध्ये उत्तरेला वसई आणि पालघर हे दोन्ही तालुके पूर्ण आत आले. जव्हार आणि मोखाडा बाहेर.

रेषा काढणाऱ्यांचा काही कट होता असं मला वाटत नाही. महानगराचा प्रदेश ठरवताना जगभर रोजची ये-जा बघतात. जव्हारहून कुणी रोज लोकल पकडत नाही. पण वर्षातून एकदा जाऊन सहा महिने राहणाऱ्याची ये-जा या हिशेबात कुठे बसते? भट्टीवरची विटांची कच्ची खोपी पावसाळ्याआधी मोडते. तिथे तो रहिवासी नाही. पाड्यावर त्याचं घर बंद आहे. ज्या इमारतींच्या योजना महानगरात मंजूर होतात त्यांच्या विटा त्याच्या हातच्या, आणि तो दोन्ही तक्त्यांत नाही.

पाण्याची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंच, २०१४ मध्ये पूर्ण झालेलं, बांधलं मुंबई महापालिकेनं. रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मुंबईला मिळावं म्हणून. याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. यात नुसता अन्याय बघितला तर अर्धंच समजतं. धरणाचं पाणी खोल दरीत असतं आणि पाडे वर पठारावर. ते वर चढवायचं तर पंप, वीज, देखभाल, आणि चढावरच्या चाळीस घरांसाठी एवढा खर्च ‘परवडत नाही’ असं गणित येतं. त्याच गणितात शंभर किलोमीटर लांब मुंबईला नेणं परवडतं, कारण तिथे माणसं जास्त. गणित चुकलेलं नाही. फक्त ज्यांच्यासाठी ‘प्रदेश’ हा शब्द आला, त्या प्रदेशात पाणी आत आहे, विटा आत आहेत, हात आत आहेत, आणि माणूस रेषेच्या बाहेर.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजू मांडली नाही तर ते अप्रामाणिक होईल. हे वाचून कुणी म्हणेल, मग सर्वेक्षणं बंदच करा. माझ्या एका शिक्षिका याच्या अगदी विरुद्ध आहेत. त्या नेहमी १९९२-९३ चं वावर-वांगणी काढतात. जव्हार तालुक्यातली ही गावं. तिथे कुपोषणानं मुलं मोठ्या संख्येनं गेली, बातम्या झाल्या, मंत्री आले, उच्च न्यायालयात याचिका गेली. बाईंचं म्हणणं असं, की मुलं त्याआधीही जात होती. फरक पडला तो कुणीतरी मोजल्यानं. न मोजलेलं मूल सरकारच्या लेखी मेलेलंही नसतं. मोजणं हीसुद्धा दयेची एक तऱ्हा आहे, तिची टिंगल करू नकोस.

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्या खरं बोलतात. आयआयटी मुंबईत ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. तिथले विद्यार्थी काही आठवडे गावात राहतात, टँकरनं पाणी पुरवाव्या लागणाऱ्या गावांच्या, बंद पडलेल्या नळयोजनांच्या मुळाशी जाऊन कारणं शोधतात. अशा अभ्यासाचा उपयोग होतो, होऊ शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटाची पद्धत पडली, त्यात बाहेरचा जाणकार आणि गावकरी एकत्र बसून एकेका प्रश्नाचा अभ्यास करत. पुढे २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा कागद वाचता येणारं गाव आधीच तयार होतं. तेव्हा मोजू नये असं नाही. मला सतावतं ते एवढंच की मोजल्यावर आपण त्या माणसाचं काही लागतो का.

याच प्रश्नावर एका आजीनं मला गाठलं होतं. त्या डिसेंबरातल्याच एका उघड्या घरात, बदली घरात. मी विहिरीचं विचारलं तर म्हणाली, “मागं पण एक पोरगं आलतं. तुझ्यासारखंच, पिशवी घेऊन. त्यानं पण इहिरीचं इचारलं. मंग काय झालं?”

मला वाटलं त्या मुलाचं विचारते आहे. म्हटलं, “पास झाला असेल, आजी.”

“त्याचं नाय गं. इहिरीचं.”

आशाताई मोठ्यानं हसल्या. मीही हसले. फॉर्मवर संमतीच्या चौकटीत आजीच्या अंगठ्याचा ठसा घेतला. वरचा मजकूर इंग्रजीत होता, तो मी माझ्या शब्दांत सांगितला होता, त्यात एक वाक्य होतं की या अभ्यासातून आपणास कोणताही थेट लाभ होणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं आम्ही तिथे मोकळे झालो. ठसा आहे, वाक्य आहे, फसवणूक नाही. पण आजीनं तासभर मोडला होता, कोरा चहा दिला होता, आणि जे सांगितलं त्यावर माझी पदवी उभी राहिली. कुणी आपल्याला काही दिलं आणि आपण आधीच ‘परत काही मिळणार नाही हं’ असं लिहून घेतलं, तर ते घेणं फिटतं का? किराणा दुकानदारही उधारीचं असं म्हणू देणार नाही.

प्रबंध दुरुस्त करायचा मी प्रयत्न केला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेली प्रत बदलता येत नाही असं कळलं. चुकीचा तक्ता अजून तिथे आहे, आणि कुणीतरी उद्या त्याचा संदर्भ देईल. मग दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात, रजा काढून, नकाशाची मोठी छापील प्रत गुंडाळून मी पाड्यावर गेले. काय करणार होते ते मलाही नीट माहीत नव्हतं. एसटीतून उतरून पुढे पाऊण तास चालले, ओढ्याला पाणी होतं, नकाशा डोक्यावर धरून ओलांडला. वर्तुळाच्या हिशेबानं मी तेव्हा ‘सेवाक्षेत्रात’ होते.

आवणी उरकलेली होती. सगळी दारं उघडी होती. आशाताईंच्या ओटीवर नकाशा पसरला तर पंधरावीस माणसं जमली. घरं ओळखायची जत्राच सुरू झाली. ओढा चुकलाय, तो इकडून येतो. ही वाट पावसात नसते. ही विहीर आटते, ती धरू नका. आशाताईंनी पेन घेतलं. आजी मागे बसून होती, तिनं काही विचारलं नाही.

तिशीतला एक जण बराच वेळ एका बिंदूकडे पाहत होता. त्याचं घर ते, उताराच्या कडेचं. बिंदूशेजारी मी ‘ब’ लिहिलेलं. त्यानं विचारलं, हे काय. मी सांगितलं, बंद. म्हणजे तुम्ही नव्हता तेव्हा.

“व्हतो की,” तो म्हणाला. “कल्याणला व्हतो.” आणि भट्टी दाखवायला म्हणून त्यानं बोट नकाशावरून खाली खाली सरकवत नेलं. कागद संपला तरी ते थांबलं नाही. चांगलं वीतभर पुढे, सारवलेल्या ओटीवर, त्यानं बोट टेकवलं.

“हितं येल ती,” तो म्हणाला, आणि कुणीतरी तिथे खडूनं खूण केली.